बेल दाबली की माणूस हजर

३ मार्च, मंगळवार

सव्वीस! अकरा ते सहा या पाळीत सव्वीस प्रसिद्धीपत्रकं वेबसाइटवर लावली. पूर्वी दिवसाला चार बातम्या नीट हातावेगळ्या केल्या तरी पुरे असायचं. आज आकडेवाला म्हणतो, "ताई, तिशी नाही का गाठली?" हा माझ्याच हाताखाली शिकाऊ म्हणून आला होता. आता वेबसाइटचा प्रमुख आहे, म्हणजे माझा वरिष्ठ. भिंतीवरच्या पडद्यावर कुठल्या बातमीला किती वाचक, ते बघत बसतो. कोंबडीवाला अंडी मोजतो तसा.

पत्रकं आता तयारच येतात. मथळा, फोटो, फोटोखालची ओळ, कोण काय म्हणालं तेही. मी फक्त 'संपन्न झाला' कापायचं, 'मान्यवर' कापायचं आणि लावायचं. त्याला म्हटलं, "अरे, एक फोन तरी करू दे प्रत्येकाला." तर म्हणतो, "पत्रकाची कसली खात्री करायची, ताई? ते स्वतःच सांगतायत ना!"

एक पत्रक चिमणीचं होतं. दादाची मुलगी. हिला निबंध लिहायला मी शिकवलं, पहिलं वाक्य आखूड ठेव म्हणून कान पिळले. आता एका प्रसिद्धी कंपनीत आहे. वर चिठ्ठी जोडलेली — "आत्या, तुझ्या हातात पडणार म्हणून नीट लिहिलंय. ओरडू नकोस." नीट लिहिलं होतं खरंच. एका वृद्धनिवासाला दहा वर्षं झाली त्याबद्दल. चाळीस खाटा, प्रत्येक खाटेशी बोलावण्याची बेल, चोवीस तास मदतनीस.

आणि फोटोत साहेब!

खुर्चीत बसलेले, अंगावर शाल, केस विंचरून दिलेले. माझे पहिले संपादक. बी.ए. होऊन आलेल्या मुलीला ज्यांनी महिलांच्या पानावर न बसवता सरळ बातम्यांच्या टेबलाशी खुर्ची दिली ते. बायको गेल्यावर मुलाने त्यांना तिथे ठेवलंय हे माहीत होतं. गेल्या ऑगस्टपासून मी गेले नाही. जाऊ, जाऊ म्हणत राहिले.

त्यांच्या तोंडी वाक्य होतं — "येथील सर्व सोयीसुविधा अत्यंत दर्जेदार असून मी पूर्णपणे समाधानी आहे." वाचून हसूच आलं. 'सोयीसुविधा' लिहिलं की साहेब कागद परत फेकायचे! मरतील पण असं बोलायचे नाहीत. म्हणून मी ते त्यांच्या पद्धतीने करून टाकलं — "आयुष्यभर मी लोकांची दारं ठोठावली. इथं उलटं आहे. बेल दाबली की माणूस हजर."

आता कसं साहेबांचं वाटतं.

फोन केला नाही. खाली संपर्काला चिमणीचाच नंबर होता. घरचीच पोर, तिने विचारलंच असणार.

४ मार्च, बुधवार

साहेबांच्या बातमीला चाळीस हजार वाचक. आकडेवाल्याने स्वतः चहा आणून दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

७ मार्च, शनिवार

ती बातमी आणखी आठ ठिकाणी आली आहे. सगळीकडे माझंच वाक्य, काना-मात्रा न बदलता. एकाने तर तेच मथळ्यात घेतलंय. कुणी कुणाला विचारलेलं नाही. एकाने उचललं, दुसऱ्याने त्याचं उचललं.

चीड यायला हवी होती. खरं लिहायचं तर — बरं वाटलं. माझं वाक्य पुष्कळ वर्षांनी मथळ्यात आलं.

११ मार्च, बुधवार

दादाचा फोन. आईचं ठरवलंय म्हणाला. ठरवलंय! विचारलं नाही, ठरवलंय.

त्याचंही काही खोटं नाही. आई जानेवारीत न्हाणीघरात पडली. वहिनीच्या कमरेचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, तिलाच उठबस करायला माणूस लागणार. दादा दिवसभर कामावर. आणि मी? तिसरा मजला, लिफ्ट नाही, अकरा ते सहा ऑफिस. भावजयीने चौदा वर्षं केलं, मी दर रविवारी फळं घेऊन गेले. मी कुठल्या तोंडाने बोलणार?

पण ठिकाण कुठलं, तर तेच. साहेबांचं. "अगं, तुमच्याच पेपरात आलं ना! आणि तुझे साहेब म्हणतायत म्हणजे काय! चिमणीने मधे पडून नंबर पुढे लावून घेतला. एक तारखेला खोली मिळते."

मग आई फोनवर आली. चौऱ्याऐंशी वय, आवाज अजून खणखणीत. "तुझे साहेब कधी खोटं बोलले का? नाही ना? मग मी जाते. इथं सगळ्यांच्या पायात येण्यापेक्षा बरं."

फोन ठेवला आणि बातमी पुन्हा उघडली. वाक्य साहेबांचं नाही, माझं आहे. ते समाधानी असतील, ते खरं असेल. पण बेल वाजते की नाही ते मी बघितलंय कुठे?

रविवारी जाऊन येते. कधीच जायला हवं होतं.

१५ मार्च, रविवार

जे बघितलं ते क्रमाने लिहिते.

इमारत स्वच्छ. पुढे कारंजं, तेही चालू. नोंदवहीत नाव लिहिलं, वेळ लिहिली. माझ्याआधी साहेबांना भेटायला आलेल्याचं नाव चार पानं मागे सापडलं. मुलाचं होतं.

खोली चौदा. साहेब खाटेवर, भिंतीला टेकून. मी आत गेले, नमस्कार केला, म्हटलं, "ओळखलंत का?" डोळे एकदम भरून आले त्यांचे. तोंड उघडलं. आवाज आला, शब्द आला नाही. उजवा हात मांडीवर पडलेला, दुसऱ्याचा असावा तसा.

मी उभीच राहिले. मदतनीस मावशी चादरी घेऊन चालली होती, तिला विचारलं, कधीपासून?

"नोव्हेंबरपासून, बाई. झटका आला तेव्हापासून बोलणं गेलं. समजतं सगळं हो! पेपर दिला की वाचतात. बोलता तेवढं येत नाही."

नोव्हेंबर. पत्रक मार्चचं.

मी विचारलं, "मग पेपरात बोलले ते?" मावशी हसली. "ते होय? ते काय मला माहीत नाही. फोटोवाले आले होते एवढं खरं. शाल त्यांचीच, जाताना घेऊन गेले."

भिंतीवर, त्यांना अगदी समोर दिसेल अशी, एक तसबीर लावलेली. आमची बातमी. मोठ्या अक्षरात छापून, काचेखाली. माझं वाक्य. दहा-बारा दिवस झाले, हा माणूस रोज सकाळी डोळे उघडतो आणि आपण कधी न बोललेलं वाचतो.

साहेबांना खोकल्याची उबळ आली. थांबेना. पाणी हवं होतं, जग रिकामा. उशाशी तारेला लटकलेली पांढरी बेल होती, मी दाबली. दाबून धरली. कुणी नाही. परत दाबली. शेवटी मीच जग घेऊन धावले, व्हरांड्याच्या टोकाला पाणी मिळालं. परत येऊन त्यांना पाजलं, तोंड पुसलं, आणि मग ती तार हाताने चाचपत खाटेमागे गेले. तार वीतभर भिंतीवरून जाते आणि संपते. टोक मोकळं. तांबं काळं पडलेलं. आज-काल तुटलेली नव्हे.

मावशीला विचारलं. "कुठलीच वाजत नाही, बाई. पहिल्यापासून. आम्ही दोघी दिवसा, एकटी रात्री. चाळीस माणसं. बेल वाजली असती तरी कोण येणार होतं?"

ज्याला हाक मारता येत नाही त्याच्या उशाशी मुकी बेल. आणि समोर भिंतीवर माझं वाक्य.

मी साहेबांजवळ बसले आणि सांगितलं. सरळ. "ते वाक्य मी लिहिलं. तुमचं वाटावं म्हणून. फोन केला नाही." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. डावा हात उचलला, माझा तळवा उलटा करून घेतला आणि बोटाने त्यावर एक रेघ ओढली. शेवटी वळण देऊन शेपटी.

ही खूण मला त्यांनीच शिकवली. मुद्रितावर शब्दावरून अशी रेघ मारायची, कडेला शेपटी काढायची. अर्थ — हे काढून टाका.

१६ मार्च, सोमवार

चिमणीला ऑफिसखालच्या चहाच्या दुकानात बोलावलं. आली तीच धावत. "काय झालं? आजी बरी आहे ना?"

मी सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला, हे तिच्या बाजूने लिहून ठेवते. नाटक नव्हतं.

"मला वाक्य तिथल्या मॅनेजरने पाठवलं, आत्या. लेखी. तुझ्या साहेबांच्या मुलाची परवानगीही आहे."

"तू साहेबांना भेटलीस?"

"एका दिवसात पाच पत्रकं असतात गं. आणि... तू छापलंस. तू फोन केल्याशिवाय छापत नाहीस. मला वाटलं, आत्याच्या हातून गेलं म्हणजे खरंच असणार. त्या भरवशावर तर मी आजीचं नाव घातलं!"

"आणि मला वाटलं, चिमणीने लिहिलं म्हणजे विचारलं असणार."

दुकानदार दोनदा फडकं मारून गेला.

मग म्हणाली, "पण तू वाक्य बदललंस ते छान झालं होतं." आणि लगेच जीभ चावली. माझीच शिकवण.

बेलचं सांगते वरच्यांना, म्हणाली. सांगितलं असेल.

१८ मार्च, बुधवार

आकडेवाल्याला म्हटलं, बातमी काढ. खुलासा छाप. मी लिहून आणलाय. सहा ओळी. साहेब नोव्हेंबरपासून बोलू शकत नाहीत, त्यांच्या तोंडचं वाक्य या टेबलावर रचलं गेलं, चौदा नंबरच्या खोलीतली बेल तुटलेली आहे, ती मी स्वतः बघितली आहे.

त्याने दोनदा वाचलं. "ताई, हे 'या टेबलावर' म्हणजे कोण?"

"मी."

"तुमचे किती राहिलेत? चौदा महिने ना?"

"हो."

"मग कशाला?" आवाज हळू केला. चांगला पोरगा आहे मनाने. "आणि त्या लोकांच्या जाहिराती आहेत आपल्याकडे. आरोग्याची पुरवणी त्यांच्याच जिवावर निघते. वर विचारतो. पण तुम्ही हे घरी घेऊन जा, इथे ठेवू नका."

साहेब म्हणायचे, पत्रक म्हणजे बातमी नव्हे, बातमीचा पत्ता. त्या पत्त्यावर जाऊन बघायचं. मी गेले. बघितलं. आता?

२० मार्च, शुक्रवार

खुलासा आला! बातमीच्या तळाशी, तिरक्या अक्षरांत, दोन ओळी — "वरील प्रतिक्रिया ज्येष्ठ संपादकांच्या वतीने त्यांच्या निकटवर्तीयांनी दिली होती. निवासातील बेल यंत्रणेचे नूतनीकरण सुरू आहे."

माझ्या सहा ओळींतला एकही शब्द नाही. हे कुठून आलं विचारलं तर कळलं, त्यांच्याच प्रसिद्धी कंपनीकडून. पत्रक म्हणून. तयार.

म्हणजे चूक त्यांची, आणि दुरुस्तीही त्यांचीच. आम्ही मधे कोण? पोस्टमन. तो बिचारा निदान पत्ता तरी वाचतो.

बातमीला चाळीस हजार. खुलाशापर्यंत खाली आलेले — त्रेसष्ट.

२२ मार्च, रविवार

दादाकडे गेले. सगळं सांगितलं. बेल, तार, साहेब. वहिनी पदराने डोळे पुसायला लागली. दादाने मात्र फोन काढला आणि फोनलाच विचारलं — ते वृद्धनिवास कसं आहे म्हणून. आजकाल फोन बोलतो. एका बाईच्या गोड आवाजात उत्तर आलं की ठिकाण उत्तम आहे, आणि तिथे राहणाऱ्या एका ज्येष्ठ संपादकांच्या मते बेल दाबली की माणूस हजर होतो. खाली नऊ ठिकाणांची नावं.

"बघ. नऊ जण खोटं बोलतायत आणि तू एकटी खरी?"

"दादा, ते नऊ जण म्हणजे मीच."

त्याला कळलं नाही. कळून घ्यायचं नव्हतं. एकदम उसळला. "बरं, मग घेऊन जा तिला तुझ्याकडे! आज! ही बॅग भरतो! चौदा वर्षांत एकदा तरी म्हणालीस का, माझ्याकडे पाठव म्हणून?"

वहिनी म्हणाली, "अहो, असू द्या." त्याने मला जे म्हटलं त्याहून तिचं ते असू द्या मला जास्त लागलं.

मी म्हटलं, नेते. नोकरी सोडते. खरंच म्हटलं.

तेव्हा आई आतून काठी टेकत आली. "काय लावलंय तुम्ही? मी काय मांजर आहे का, पिशवीत घालून न्यायला? तुझे तीन जिने चढवायला चार माणसं लागतील. आणि उतरवायला तर चारच लागतात, ती वेगळी." स्वतःच हसली. आम्ही कुणी हसलो नाही.

नंतर दोघीच होतो तेव्हा तिला वाक्याचं सांगितलं. मला वाटलं होतं रडेल, निदान चिडेल. म्हणाली, "म्हणजे साहेबांच्या तोंडून तूच बोललीस? लहानपणी बाहुलीच्या तोंडून बोलायचीस तशी? 'आई, बाहुलीला लाडू हवाय.' आणि खायचीस तू."

मग जरा वेळाने, "बेल वाजत नाही तर नाही. मी ओरडेन. मला ओरडता येतं."

२५ मार्च, बुधवार

आमच्या जुन्या टेबलावरचे आम्ही नऊ जण होतो. त्यातले सहा आता पत्रकं लिहितात. दोघं गेले. राहिले मी.

सहापैकी एकाला फोन केला. अजून एका वेबसाइटशी त्याची ओळख आहे म्हणून. चाळीस खाटांच्या चाळीस बेल मुक्या आहेत, बातमी होईल का? मनापासून ऐकलं त्याने. मग म्हणाला, "पत्रक आहे का तुझ्याकडे याचं?"

२६ मार्च, गुरुवार

सरकारी कार्यालयात तक्रार टाकली. "आपली तक्रार प्राप्त झाली आहे." एका मिनिटात उत्तर. एका मिनिटात आलेल्या उत्तराचा अर्थ मला कळतो.

चिमणीचा निरोप — "वर सांगितलं. यादीत आहे म्हणाले. सॉरी आत्या." खाली रडक्या तोंडाचं चित्र.

१ एप्रिल, बुधवार

आईला सोडून आले.

खोली अकरा. खिडकी आहे. दादाने सामान लावलं. तिचा पानाचा तांबडा डबा कुठे ठेवायचा यावर अर्धा तास. मी आधी उशाशी गेले, बेल दाबली.

वाजली!

व्हरांड्यात टणटण झाली आणि वीस सेकंदांत मावशी दारात. मागोमाग मॅनेजर, गोरा, हसरा, गळ्यात ओळखपत्र. "मॅडम, तुमच्या मातोश्री म्हटल्यावर!" तार बघितली. नवीकोरी, पांढरी, भिंतीवर पट्ट्या ठोकून नेलेली. ती बाहेर जाते, व्हरांड्यातल्या घंटीपर्यंत. तिथेच संपते. एका खोलीपुरती.

दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "झालं समाधान?"

मी चौदात गेले. साहेब झोपले होते. तार होती तशी लोंबत होती. तसबीरही होती तशी. मॅनेजरला विचारलं, ही कधी? "टप्प्याटप्प्याने, मॅडम." बाकीच्या? "टप्प्याटप्प्याने." तसबीर तरी काढा. "अहो, ती येणाऱ्यांना आवडते!"

निघताना आई म्हणाली, "जा आता. मागे वळून बघत बसू नकोस, पाय अडखळेल."

वळून बघितलं. अडखळले.

५ एप्रिल, रविवार

आई रमली, असं लिहिणार होते. तिने मात्र रमल्याचं काही सांगितलं नाही. फोनवर तिथल्या बातम्या सांगते. आमच्या कुठल्याही वार्ताहरापेक्षा नेमक्या. कोण कितीला उठतं, कुणाचा मुलगा कधी येऊन गेला, जेवण किती वाजता थंड होतं.

"तुझे साहेब आहेत ना, त्यांना काही हवं झालं की खाटेच्या लोखंडावर अंगठी आपटतात. ठक ठक. मला इथं ऐकू येतं, भिंती पातळ आहेत. मग मी माझी बेल वाजवते. मावशी माझ्याकडे येते, मी म्हणते, माझं काही नाही, चौदात जा. दिवसातून पाच-सहा वेळा होतं. मावशी म्हणते, आजी, तुम्ही टेलिफोन ऑफिस आहात."

"आणि तू झोपलेली असलीस तर?"

"काल तसं झालं. दुपारी डोळा लागला माझा. ते पाणी घ्यायला गेले तर तांब्या अंगावर सांडला, ओल्या गादीवर पडून होते दोन तास. मला जागं राहायला हवं होतं."

चौऱ्याऐंशी वर्षांची बाई पहाऱ्यावर. माझ्या एका वाक्यापायी.

८ एप्रिल, बुधवार

राजीनामा लिहिला. फाडला. राजीनाम्याने तार जोडली जाणार आहे का?

आज एकोणतीस लावली. आकडेवाला म्हणाला, एकच राहिलं, ताई.

१३ एप्रिल, सोमवार

सकाळी पहिलंच पत्रक. त्यांचं.

फोटोत आई! खुर्चीत, अंगावर शाल. तीच शाल, साहेबांच्या फोटोतली. बोट बेलवर ठेवलेलं. खाली वाक्य — "माझी लेक वर्तमानपत्रात आहे. तिनं स्वतः बेल दाबून बघितली, मगच मला इथं सोडलं."

डोक्यात तिडीक गेली. चिमणीला शिव्या द्यायला फोन उचलला, मग ठेवला. नाही. आधी ज्याचं वाक्य त्याला फोन. निदान या वेळी.

"आई, हे तू म्हणालीस?"

"म्हणाले. का, खोटं आहे? दाबली नव्हतीस?"

"दाबली होती. पण आई, याचा अर्थ सगळ्या वाजतात असा होतो!"

"होऊ दे. ऐक नीट. मॅनेजर आला, म्हणाला, आजी, दोन शब्द बोला, तुमची मुलगी पेपरात आहे. मी म्हटलं, बोलते, पण आधी चौदा नंबरची बेल. तो म्हणाला, आधी बातमी. मी म्हटलं, बरं, ज्या दिवशी बातमी त्याच दिवशी वायरमन. तोंडी नाही, त्याच्याकडून लिहून घेतलंय. पानाच्या डब्यात ठेवलंय."

मी पत्रकातला फोटो पुन्हा उघडला.

"तू खरं लिहून बघितलंस ना? काय झालं? दादा भांडला, तुझा साहेब हसला..."

"तो साहेब नाही, तो आकडेवाला."

"कुणी का असेना. मला तुझ्या धंद्यातलं कळत नाही. पण त्या माणसाला वाक्य हवंय आणि मला वायरमन हवाय. माझ्याकडे वाक्य आहे. तुझ्याकडे पेपर आहे. आता मला दुपारची झोप लागते, बाई, मी रोज जागी नाही राहू शकत."

मागून ऐकू येत होतं. ठक ठक. ठक ठक. आणि मग आईची बेल.

पत्रक तसंच ठेवलं आहे. लावलं नाही, टाकलं नाही. आकडेवाल्याने विचारलं, "तुमच्या आई ना या? लावायचं ना?" म्हटलं, उद्या सांगते. हे पत्रक थोपवणं माझ्या हातात आहे. एवढं एकच अजून माझ्या हातात आहे. थोपवलं तर मी खरी. आणि साहेब ओल्या गादीवर.

लावलं तर उद्या कुणाची तरी मुलगी ते वाचेल. तिच्या आईची बॅग भरेल.

साहेबांना विचारावंसं वाटलं. तळव्यावर काय काढतील?

१५ एप्रिल, बुधवार

लावलं. एकही शब्द बदलावा लागला नाही.

चार वाजता आईचा फोन. काही बोलली नाही, नुसतं ऐकवलं. टणटण, थांबून परत टणटण. पोर नवीन खेळणं दाबून बघतं तशी. साहेबांच्या खोलीतली.

दोन झाल्या. अडतीस राहिल्या.